झिबूभाऊची माणसं

झिबूभाऊ दुकानाचं दार उघडायचा आणि आत जायचा नाही. दार धरून उभा राहायचा. एका हातानं दार, दुसऱ्या हातानं 'चला, चला' अशी खूण, आणि तोंडानं पुटपुट. पुटपुट पोलिश भाषेत, पण माणूस मोजतोय एवढं कुणालाही कळलं असतं. मधेच थांबून तो एकावर खेकसायचा, "रिशेक!" मग मान हलवायची आणि पुढचा आकडा. तेरा झाले की स्वतः आत. आत गेलेलं कुणी नाही. बाहेर आम्ही जिवंत माणसं पिशव्या घेऊन ताटकळत.

फ्रीमाँटमधल्या त्या इंडियन ग्रोसरीचा मालक गुजराती होता. तो मला म्हणाला, "काका, वो पागल नहीं है, कस्टमर है." झिबूभाऊ त्याच्याकडून लसणाचं लोणचं न्यायचा आणि पावाला लावून खायचा.

पहिल्या दिवशी मी त्याच्या मागंच उभा होतो. मला काही दम निघत नाही. मी म्हणालो, "गो ना बाप्पा! काहून थांबला?" त्यानं वळून मला खालून वर पाहिलं. दार सोडलं नाही. मोकळ्या हातानं माझा खांदा दाबला, मान चाचपली, बाजारात बैल बघावा तशी. मग म्हणाला, "नेक नो गुड. पोझिशन नाही. तू वॉटर."

म्हणजे काय, ते मला पुढं कळलं. टीममध्ये ज्याला कुठंच जागा नसते तो पाण्याच्या बाटल्या घेऊन पळतो. तो मी. शेवटपर्यंत त्यानं मला वॉटर म्हणूनच हाक मारली.

त्याचं खरं नाव झ्बिग्निएव. ते माझ्या तोंडात मावेना, दोन दात पाडून जागा करावी लागली असती. म्हणून मी झिबूभाऊ म्हणायला लागलो. तो आमच्या मागच्याच टाउनहाऊसमध्ये राहायचा. त्याच्या आणि आमच्या अंगणात एक लाकडी कुंपण, माझ्या छातीएवढं.

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. नागपुरात माझी पिठाची गिरणी होती. बायको मेली तेव्हा पोरानं गिरणी विकायला लावली आणि मला इकडं आणलं. सून म्हणते, "बाबा, मेली म्हणू नका, गेल्या म्हणा." मी म्हणतच नाही. गेली म्हटलं की वाटतं बाजारात गेली, येईल पिशवी घेऊन. मेली. शेवंता तिचं नाव. तिनं अमेरिका पाहिली नाही. सीताबर्डीचा रस्ता ओलांडतानासुद्धा माझं मनगट धरायची.

पोरगा मिलिंद आणि सून सुनंदा दोघं सकाळी गाड्या काढून ऑफिसला जायचे. मी आणि टीव्ही. टीव्हीचं मला कळायचं नाही आणि माझं टीव्हीला. म्हणून मी झिबूभाऊबरोबर फिरायला लागलो. आमचं बोलणं इंग्रजीत. त्याचं इंग्रजी मोडकं, माझं त्याहून मोडकं, त्यामुळं एकमेकांचं चांगलं कळायचं. इथं मी ते मराठीत लिहितो.

त्याला जगात दोनच जातीची माणसं माहीत होती. मान असलेली आणि मान नसलेली. मान बघितली की तो माणसाला नंबर द्यायचा. मिलिंदला म्हणाला, "विंग. पळतो छान. काम आलं की आणखी छान." सुनंदाला म्हणाला, "नंबर नऊ. सगळ्यांत लहान, सगळ्यांत जास्त बोलतो, मोठमोठ्या बैलांना हुकूम सोडतो." मी हे घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. सुनंदा दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, म्हणजे नंबर थोडा चुकला असावा.

खेळाचं नाव रग्बी. मी कधी पाहिला नव्हता. त्यानं मैदानात उभं राहून शिकवला. आमच्या घरांमागं एका शाळेचं मैदान होतं, सकाळी तिथं खाडीकडून धुकं यायचं. आठ माणसं एकमेकांना कवटाळून, डोकी खाली घालून, समोरच्या आठांना रेटतात. पोलंडात त्या रेटारेटीला गिरणी म्हणतात. पहिल्या रांगेत तीन माणसं. दोन बाजूला दोन जाडे, त्यांना म्हणतात खांब. मधला दोघांच्या खांद्यांवर हात टाकून लोंबकळतो. हात अडकलेले, पाय मोकळे, पायानं चेंडू मागं ओढायचा. तो मधला म्हणजे गिरणीवाला. झिबूभाऊ तो होता आणि टीमचा कॅप्टनही. मी खरोखरचा गिरणीवाला निघालो तेव्हा त्यानं माझे दोन्ही गाल ओढले. तरी पोझिशन दिली नाही.

"मधल्याला जोर किती लागतो?" मी विचारलं.

"जोर खांबांना. मधल्याला विश्वास. एक खांब सुटला की तो तोंडावर पडतो."

पोलंडात हा खेळ एका फ्रेंच माणसानं आणला म्हणे, दोन लढायांच्या मधे. पोरं जमली, जरा शिकतात तोच जर्मन आले.

"मग खेळणारे कुठं गेले?"

झिबूभाऊनं बोट जमिनीकडं केलं.

लढाई संपली तर नवं सरकार म्हणालं, हा साहेब लोकांचा खेळ आहे, कामगारांनी खेळू नये. काही वर्षांनी सरकारचं डोकं थंड झालं आणि मग कामगारच खेळायला लागले. कुस्तीतून हाकललेले, बॉक्सिंगमध्ये नाक फुटलेले, खाणीतले, गोदीतले. झिबूभाऊ ग्दान्स्कच्या गोदीत वेल्डर. मैदानावरचे गोलाचे उभे खांब त्यानंच जहाजाच्या पाइपांचे जोडले होते. चेंडू मिळेना तेव्हा जोडे शिवणाऱ्याकडून शिवून घेतला. त्या बिचाऱ्यानं असा अंड्यासारखा चेंडू कधी पाहिला नव्हता. एक टोक मोठं झालं, एक लहान.

"टप्पा कुठं जाईल ते येशूलासुद्धा माहीत नव्हतं," झिबूभाऊ म्हणायचा. "फक्त आम्हाला माहीत. म्हणून घरच्या मैदानावर आम्ही राजे."

"आणि बाहेर?"

"रुमानियानं आमचं पीठ केलं." मग छाती काढून, "पूर्व जर्मनांचं आम्ही केलं."

पुढं रस्त्यावर रणगाडे आले तेव्हा तो बायको-पोरीला घेऊन निघाला. इकडं गाड्यांच्या कारखान्यात वेल्डिंग केलं. बायको इथंच मेली. टीममधले एकेक तिकडं मेले. एक समुद्रात, दोघं दारूनं, कुणी छातीत धूळ जाऊन. रिशेक नेहमीचा उशिरा येणारा, तो सरावाला उशीर झाला म्हणून ट्रामच्या पुढून पळाला. "ट्रामला टॅकल केलं त्यानं," झिबूभाऊ म्हणाला. हसलाही. मग हसणं मधेच बंद झालं.

मेले की ते इकडं यायचे. असं तो म्हणायचा, मी नाही. आम्ही बुद्धाची माणसं, आत्माबित्मा मानत नाही. मेलं ते संपलं. मी त्याला तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, "बरोबर. तू वॉटर आहेस. वॉटरला मैदानातलं सगळं दिसत नाही."

पंधरा जणांची टीम, त्यातले तेरा मेलेले. चौदावा एकच जिवंत, यानेक. डाव्या बाजूचा खांब. तो ग्दान्स्कलाच होता आणि म्हातारपणी पोरांना शिकवायचा. दर रविवारी त्याचा फोन यायचा. पूर्वी कारखाना बूट द्यायचा, बस द्यायचा. आता राज्य बदललं, कारखान्याचंच काही खरं नाही, तर टीमचं कोण बघतो? यानेकचं दर रविवारी तेच रडगाणं: पोरं आहेत, बस नाही. झिबूभाऊ फोन ठेवून मला तेच सांगायचा आणि त्या दोघांबरोबर पोलंडच्या रग्बीचं काय होणार याची काळजी मीसुद्धा करायला लागलो. मला नागपूरच्या नळाची काळजी करायची सवय होतीच.

दुसरा फोन पोरीचा. एवा, शिकागोला असायची. ती दर वेळी म्हणायची, पप्पा, एकटे राहू नका, माझ्याकडं या. हा म्हणायचा, नाही. एकदा फोन माझ्या हातात दिला. एवा म्हणाली, "तुम्ही तरी सांगा." मी सांगितलं. "झिबूभाऊ, जा ना पोरीकडं. बर्फ पडतो, पण माणसं असतात."

"त्यांना शिकागो माहीत नाही," तो म्हणाला.

"कुणाला?"

"इतक्या लांबून आले, समुद्र ओलांडून. एक-एक करून हे घर शोधलं. आता मी उठलो तर परत कसे शोधतील? आणि यानेक यायचा आहे. त्याला मी हाच पत्ता दिलाय."

जिवंत माणसाला मेल्यावर यायचा पत्ता देऊन ठेवणारा हा एकच प्राणी मी पाहिला.

सप्टेंबरात आमच्या मराठी मंडळाची पिकनिक त्याच मैदानावर होती. मी त्याला घेऊन गेलो. त्यानं वडापाव खाल्ला, बायकांना वाकून नमस्कार केला आणि मग सॉफ्टवेअरवाल्या पोरांच्या माना बघत फिरला. "नेक नो गुड. नेक नो गुड. हा बरा. चष्मा काढ." सात जण जमवले आणि आठवा स्वतः मधे. समोर दुसरे आठ. "पहिले धर. मग ढकल," हे त्याचं नेहमीचं वाक्य. पोरांनी आधी ढकललं आणि मग धरायला गेले. सगळा ढीग खाली. खालून आवाज, "यार जोश्या, पाय काढ, माझ्या तोंडात आहे!" बायका हसून हसून बेजार.

सगळे उठले. सगळ्यांत मागं लावलेला कुलकर्णी नावाचा पोरगा मात्र हसत नव्हता. मागं वळून बघत होता.

"काका, माझ्या मागं कोण होतं?" त्यानं मला विचारलं.

"कोणी नाही. तू शेवटचा."

"नाही हो. मला मागून खांदा लागला. जोरात. म्हणून तर पडलो."

त्याच्या मागं नुसतं गवत, कडेपर्यंत. मी पाण्याच्या बाटल्या घेऊन तिथंच उभा होतो. झिबूभाऊ गुडघे झाडत आला, त्यानं कुलकर्णीच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "स्तेफान. तो नेहमी आधीच ढकलतो."

कुलकर्णी त्यानंतर पिकनिकला आला नाही.

नोव्हेंबर लागला. त्यांच्यात त्या दिवसांत मेलेल्यांसाठी दिवे लावतात, जाड काचेतल्या मेणबत्त्या. संध्याकाळ पडताना सुनंदा वरच्या खिडकीतून म्हणाली, "बाबा, तुमच्या मित्राची दिवाळी बघा." मी कुंपणापाशी गेलो. त्यानं अंगणात गवतावर दिवे मांडले होते, टीम उभी राहते तसे. पहिल्या रांगेत उजवीकडं एकच दिवा. मधली जागा रिकामी, ती त्याची. डावीकडची रिकामी, ती यानेकची. मागं बाकीचे. मी मोजले, तेरा. मग दिसलं, एक दिवा वेगळाच होता, माझ्या कुंपणाला अगदी लागून.

"हा कोण?" मी विचारलं. "राखीव खेळाडू?"

"ती खेळत नाही. बसून असते. तुझी आहे."

मी कुंपणावरून वाकून पाहिलं. नुसता दिवा.

"तुझ्याबरोबरच आली. तू भराभर चालतोस, बघत नाहीस मागं. तिचा डावा पाय ओढतो."

शेवंताचा डावा पाय ओढायचा. गिरणीत पट्टा तुटून लागला होता तेव्हापासून. हे मी झिबूभाऊला कधी सांगितलं नव्हतं. मी घरात आलो आणि सुनंदाला विचारलं, "तू त्याला आईच्या पायाचं सांगितलंस?"

"मी? बाबा, मी त्यांच्याशी हाय-बायच्या पुढं कधी बोलले तरी आहे का?"

मिलिंदला विचारलं. तो म्हणाला, "बाबा, तुम्ही त्यांच्यासोबत फिरणं बंद करा ना, प्लीज." मी बंद केलं नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून जरा हळू चालायला लागलो. गुडघे दुखतात माझे.

थंडीत एका रविवारी यानेकचा फोन आला नाही. त्याच्या पोरीचा आला.

मला वाटलं झिबूभाऊ खचेल. तो तर कामाला लागला. दाढी केली, घर झाडलं, लोणच्याची नवी बाटली आणली. "यानेक येतोय," म्हणाला. "जड माणूस. वेळ लागेल." रोज सकाळी धुक्यात मैदानावर जाऊन उभा राहायचा, उजवा हात हवेत कुणाच्या तरी खांद्यावर टाकल्यासारखा, डावा नुसता उचलून धरलेला. धुक्यात तो दिसायचा, नाहीसा व्हायचा, परत दिसायचा. मी कडेला बाटली घेऊन. दुसरं करणार काय होतो?

एका सकाळी तो म्हणाला, "आज. वाटतंय." वाकला. दोन्ही हात टाकले आणि सगळं अंग पुढं सोडून दिलं. क्षणभर तो पडला नाही, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. उजवीकडून धरल्यासारखा अडकला. मग डावी बाजू सुटली आणि तो खांद्यावर आपटला. हाड मोडल्याचा आवाज मला कडेपर्यंत आला.

मी धावत गेलो. तोंडात माती, तरी म्हणतो कसा, "चूक माझी. अजून पोचला नाही तो."

एवा पहिल्या विमानानं आली. चांगली उंच, बापासारखीच मान. दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये मला म्हणाली, "तुम्ही तोंडावर खरं बोलता असं पप्पा सांगतात. ते माणसं बघतात का?"

"बघतात."

"रोज?"

"रोज."

"भांडतात त्यांच्याशी?"

"रिशेकशी."

ती रडत होती, त्यात तिला हसू आलं. "रिशेककाका माझ्या बारशाला चर्च बंद झाल्यावर पोचला होता." मग डोळे पुसून म्हणाली, "मी त्यांना इथं नाही ठेवू शकत. पुढच्या वेळी मान मोडली तर?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण ती बरोबर होती. मी म्हणालो, "घेऊन जा."

झिबूभाऊला हे तिनं सांगितलं तेव्हा तो भिंतीकडं तोंड करून पडला. मला म्हणाला, "वॉटर, तू हो म्हणालास?"

"म्हणालो. तुला परत पडलेला उचलायचं माझं वय नाही."

"आणि यानेक?"

जे मी मानतच नाही त्याचं उत्तर कुठून आणू? तरी तोंडातून निघून गेलं, "आला तर मी सांगीन त्याला."

"तुला दिसणार नाही."

"मोठ्यानं सांगीन."

निघायच्या सकाळी डोंगर हिरवे होते पण खाली धुकं भरलेलं. गाडीत सामान चढलं. झिबूभाऊ म्हणाला, पाच मिनिटं. एवानं माझ्याकडं पाहिलं. आम्ही दोघं त्याच्या मागोमाग मैदानावर गेलो आणि कडेला थांबलो.

तो मधोमध उभा राहिला. डावा हात गळ्यात अडकवलेला. पोलिशमध्ये बराच वेळ बोलला, दौऱ्यावर निघताना कॅप्टन सूचना देतो तसा. एवा हळू आवाजात सांगत होती, "शिकागोचा पत्ता देतायत. थंडी आहे म्हणतायत, टोप्या घ्या. रिशेकला तीनदा सांगितलं." मग तो वळला. डावीकडं बघत राहिला. गळ्यातली झोळी त्यानं काढली आणि डावा हात वर उचलला, आपल्यापेक्षा उंच माणसाच्या मानेवर टाकावा तसा. त्या हातानं त्याला चहाचा कपसुद्धा उचलता येत नव्हता. एवा पुढं धावणार होती, मी तिला धरलं. हात तिथं वर राहिला. टेकल्यासारखा, निवांत, कितीतरी वेळ.

मग तो एक लांबलचक वाक्य बोलला. कडक आवाजात सुरुवात झाली आणि शेवटी आवाज गेला. बोलताना बोट माझ्याकडं होतं. माझ्याकडं म्हणजे माझ्या जरा बाजूला, डावीकडं, मागं. एवानं तोंडावर हात ठेवला.

परत येताना झिबूभाऊनं मला थांबवलं. "आला," म्हणाला. "जाड झालाय." माझी मान एकदा चाचपली, "नो गुड," म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला.

मी एवाला विचारलं, "काय बोलले ते शेवटी?"

ती डिकी लावत होती. माझ्याकडं न बघताच म्हणाली, "पप्पा यानेककाकाला म्हणाले, तू आमच्याबरोबर येऊ नकोस. इथंच राहा. या बाईंना इथली भाषा येत नाही, रस्ता ओलांडता येत नाही, आणि वॉटर काही मागं वळून बघत नाही. तुझ्याएवढा सांभाळून नेणारा माझ्याकडं दुसरा कुणी नाही." मग थांबून म्हणाली, "डावी बाजू मी अशीच रिकामी चालवीन, म्हणाले."

गाडी गेली. शेवटच्या वळणापर्यंत मला झिबूभाऊचं डोकं दिसत होतं, उजवीकडं रेललेलं.

मी पुन्हा सांगतो, मी हे काही मानत नाही. मानलं असतं तर लिहिताना लाज वाटली नसती.

मैदानापासून आमच्या घरापर्यंत सिमेंटची एक पायवाट आहे, दोन माणसांपुरती. मी कडेच्या गवतातून चाललो. गवत ओलं होतं, मोजे भिजले, घरी गेल्यावर सुनंदा ओरडणार होती. पण एक जाडा माणूस आणि डावा पाय ओढणारी बाई त्या वाटेवर असतील, तर तिसऱ्याला तिथं जागा नाही.